जुनी कॉमिक्स, रहस्यकथा आणि व्हीसीडी: घरी नेल्यावर

आमच्याकडून नेलेला अंक कपाटाच्या तळाशी पुरून ठेवू नका, वाचा. वाचला जाणारा अंक महिन्या-दोन महिन्यांनी हातात येतो, त्याची पानं उलटली जातात, वारा लागतो, कसर लागली असेल तर वेळेत दिसते. जपून ठेवायचा म्हणून पाच वर्षं न उघडलेला गठ्ठा गोव्यात बहुतेक वेळा बुरशीचाच निघतो.

घ्यायच्या आधी पानं मोजा

कॉमिक्सचा अंक म्हणजे मधोमध दुमडून पिनांनी जोडलेले मोठे कागद. ३२ पानांच्या अंकात एका कागदाच्या एकाच बाजूवरच्या दोन पानांची बेरीज ३३ येते: ५ आणि २८, १० आणि २३, अगदी मधले १६ आणि १७. म्हणून ५वं पान सुटं झालं असेल तर २८वंही सुटलेलं असणार, आणि त्यांच्या पाठीवरची ६ आणि २७ ही पानंही त्यांच्याबरोबरच. सर्वांत जास्त हरवतो तो मधला कागद, कारण तो पिनांवरून सहज निसटतो. १४व्या पानावरून एकदम १९ आलं, तर चार पानं गेली असं समजा. कूपन किंवा चित्र कापून घेतलेलं असेल तर त्याच्या मागच्या बाजूची गोष्टही गेली, तेही बघा.

रहस्यकथेचं पुस्तक मात्र शेवटाकडून तपासायचं. वाचनालयांतून फिरलेल्या पुस्तकांची शेवटची पानं आधी गळतात, आणि गुन्हेगार कोण हे नेमकं तिथेच असतं. वाचनालयाचा शिक्का, परतीच्या तारखांची चिठ्ठी, रेक्झिनची नवी बांधणी यांत काही वाईट नाही. फक्त बांधताना कडा छाटल्या असतील तर ओळींची टोकं कापली गेली नाहीत ना, एवढं बघून घ्या.

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळात निघाली, मराठीतही. इंग्रजीतला वेताळ (फँटम) आधी वाचलेला असेल तर एक लक्षात ठेवा: त्याचा मूळ देश बंगाला इथे डेंकाली झाला आहे. ती छपाईची चूक नव्हे, आपल्याकडच्या वाचकांसाठी मुद्दाम केलेला बदल आहे.

वाचताना

चित्राच्या कडेला लाल किंवा निळी रेघ बाहेर आलेली दिसली तर अंक खराब आहे असं समजू नका. चार रंग एकामागून एक छापताना एखादा कागद केसभर सरकला की असं होतं. भिंग असेल तर चेहऱ्यावर धरून बघा: कातडीचा रंग म्हणजे पिवळ्यावर पेरलेले बारीक लाल ठिपके. ही मजा मोबाइलवरच्या स्कॅनमध्ये येत नाही.

खिशात मावणाऱ्या जुन्या रहस्यकथांचा पाठीचा गोंद सुकून ठिसूळ झालेला असतो. पुस्तक पूर्ण पालथं उघडलं की कडकन आवाज होतो आणि त्या जागी पानं कायमची सुटतात. काटकोनापेक्षा फार जास्त उघडू नका. दोन्ही बाजूंना उशी दिली की हात मोकळे राहतात.

पावसाळा

बिस्किटं, पापड, सुकी मासळी असं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याचा साठा, आपण मे महिन्यात भरतो. अंक डब्यात बंद करायचे असतील तर मात्र मे उशिराचा. कागद हवेतली ओल शोषतो. मेच्या दमट हवेत बंद केलेला गठ्ठा ती ओल आतच घेऊन बसतो. हवा कोरडी असते तेव्हा, जानेवारी-फेब्रुवारीत, पानं सावलीत पंख्याखाली दिवसभर ठेवा आणि मग बंद करा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जुलैत ती ८५ च्याही वर जाते. कपाटात छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, अंदाजावर राहू नका.

पिशवी पॉलिप्रॉपिलीनची हवी, हात लावला की चुरचुर वाजणारी. मऊ, वास येणारं पीव्हीसीचं कव्हर काही वर्षांत चिकट होतं आणि मुखपृष्ठाची शाई ओढून घेतं. पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद करू नका, नुसतं दुमडा. २० लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात आम्ही १०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घालायला सांगतो. दाण्यांचा नारिंगी रंग जाऊन ते हिरवट झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरता येतात.

उघड्या फळीवर ठेवणार असाल तर चिऱ्याच्या भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा. चिरा पाणी पितो आणि ते पाणी फळीमागे महिनोन्महिने राहतं. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांचा वास कागदातून जात नाही. ओला कडुलिंब तर अजिबात नको, त्याने ओलच वाढते.

कसर लागली तर

अंक झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये १४ दिवस ठेवा. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा तेवढा थंड होत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. या उपायाने किडे मरतात, बुरशी मरत नाही. बुरशी आधी सुकू द्या, मग मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसली की ती कागदात मुरते.

भिजला तर

पहिले ४८ तास महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. मुखपृष्ठ गुळगुळीत असेल तर आधी त्याच्या आतल्या बाजूला बटर पेपर सरकवा. तसंच सुकलं तर ते पहिल्या पानाला चिकटतं आणि पुढे सुटत नाही. बाकी पानांत कोरा पांढरा कागद घाला, दर दोन-तीन तासांनी बदला आणि पंखा चालू ठेवा. ऊन आणि हेअर ड्रायर नको.

पिना आणि चिकटपट्टी

गंजलेली पिन पाठीकडून ओढू नका. मधलं पान उघडा, लोणी लावायच्या सुरीचं टोक पिनेच्या पायाखाली सरकवून एकेक पाय सरळ करा, मग पिन बाहेरून काढा. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून गाठ आत मारा. साधी नवी पिन पुढच्या चवथीपर्यंत पुन्हा गंजते. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी कधीच नको: ती तपकिरी होते, सुटते, पण गोंद कागदातच राहतो. पातळ टिश्यू आणि मैद्याची शिजवलेली पातळ खळ पुरते. खळीत मीठ किंवा मोरचूद घालू नका.

जुने चित्रपट

टीव्हीचं चित्र ४:३ वर ठेवा. पूर्ण पडदा भरायला ताणलं की माणसं बुटकी दिसतात. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंगही बंद करा. फिल्म सेकंदाला २४ चौकटींची, पाल पद्धतीची (आपल्याकडच्या टीव्हीची) व्हीसीडी २५ची, म्हणून चित्रपट जरा वेगाने धावतो आणि १०० मिनिटांचा ९६ मिनिटांत संपतो. काही कापलेलं नसतं. एका तबकडीत ७४ मिनिटं मावतात, म्हणून दोन तबकड्या. पुसताना मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल नाही.

व्हीएचएस कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती प्लेयरमध्ये घालू नका. ती बुरशी प्लेयरच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि त्यानंतर घातलेली प्रत्येक चांगली कॅसेटही बाधते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत घालून आमच्याकडे आणा.