फक्त प्रसाविका: भरतीच्या अर्जातून गळालेले पद

मागच्या वर्षी ओळखीतली एक मुलगी आपले प्रमाणपत्र घेऊन घरी आली होती. बारावीनंतर एका खासगी संस्थेत तिने वर्षभराचा प्रसूतीसाहाय्याचा कोर्स केला होता. फी भरायला वडिलांनी दोन शेळ्या विकल्या होत्या. मुलगी कामाला चोख. पोटावर दोन्ही हात ठेवून बाळाचे डोके कुठे, पाठ कुठे हे ती बरोबर सांगायची. वार पडली की ती ट्रेमध्ये पसरून एखादा तुकडा आत राहिला का, हे बघायची. जिल्हा परिषदेच्या भरतीची जाहिरात निघाली, तिने अर्ज उघडला आणि एका रकान्यापाशी थांबली: महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा (म्हणजे नर्सिंग कौन्सिलचा) नोंदणी क्रमांक. तो तिच्याकडे नव्हता. त्या कोर्सवर तो कधी मिळणारही नव्हता, आणि प्रवेश देताना हे तिला कुणीही सांगितले नव्हते.

मला तिच्याइतकाच राग आला. पण हा रकाना एका दिवसात तयार झालेला नाही. नर्सिंग न करता नुसती प्रसूतिविद्या शिकलेल्या बाईला, म्हणजे प्रसाविकेला, इंग्रजीत मिडवाइफला, आपल्याकडे एकेकाळी नाव होते, नोंदणी होती आणि कामही होते.

त्याच्याही आधी होती ती सुईण. गावोगाव ती बहुधा मांग, महार किंवा न्हावी समाजातली असे. बाळंतपण करायचे, नाळ कापायची, वार पुरायची, पुढचे काही दिवस बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायचे. मोबदला म्हणजे धान्य, लुगडे, खण-नारळ. विटाळाचे काम म्हणून ते तिच्याकडे दिलेले. तिच्या हातात दोन जिवांचा भार असायचा आणि तरी तिला ओट्याखालीच बसवायचे, ही गोष्ट या इतिहासात विसरता येत नाही. पुढे दाईला ‘अडाणी, घाणेरडी’ ठरवणाऱ्या सरकारी कागदांनी या जुन्या तुच्छतेवर शिक्काच मारला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र हलू लागले. १८८५मध्ये बायकांच्या वैद्यकीय सेवेसाठी लेडी डफरिन यांचा निधी सुरू झाला, १८८६मध्ये मुंबईत बायकांसाठीचे कामा रुग्णालय उभे राहिले. १९०३मध्ये लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड काढला, तो खास दायांना प्रशिक्षण देण्यासाठी. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिका आणि सुईणकामाचे शिक्षण घ्यायला बायका पाठवल्या. त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या बायका होत्या. सोवळ्यातल्या घरातली बाई दवाखान्यात रक्ताला हात लावते म्हणून त्या काळी काय काय बोलले गेले असेल! पण त्या शिकल्या आणि आपल्या पायावर उभ्या राहिल्या. सुईणकाम हा मानाने पगार मिळवण्याचा धंदा होऊ शकतो, हे मराठी मध्यमवर्गाने तिथे पहिल्यांदा पाहिले.

या साऱ्यावर इंग्लंडची सावली होती. तिथे १९०२मध्ये मिडवाइफ कायदा झाला, सेंट्रल मिडवाइव्ज बोर्ड नेमले गेले. आधीपासून काम करणाऱ्या, चांगल्या चालीच्या बायकांनाही ठरावीक मुदतीत नोंदणी करता आली. १९१०नंतर मात्र विनानोंदणी धंदा करायला बंदी आली. म्हणजे आधी दार उघडले, मग कुंपण घातले. आपल्याकडे पुढे नेमके हेच झाले नाही, असे माझे मत आहे.

मुंबई इलाख्याचा कायदा १९३५चा. त्याच्या नावातच तीन पेशे वेगवेगळे मांडलेले होते: नर्स, मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरोघर जाऊन आरोग्याचे काम बघणारी. मिडवाइफ ही नर्सची धाकटी बहीण नव्हती, तिची स्वतंत्र नोंद होती. देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६च्या अहवालात देशातले मनुष्यबळ मोजले, तेही तसेच वेगवेगळे. सुमारे ७,००० नर्सेस, ५,००० मिडवाइफ आणि ७५० हेल्थ व्हिजिटर. साधारण ६०,००० लोकांमागे एक मिडवाइफ. आकडा लाजिरवाणा होता, पण निदान तिचा आकडा वेगळा लिहिला तरी जात होता.

मग १९४७चा भारतीय परिचर्या परिषद कायदा आला, आणि खरे वळण १९५०च्या सुमारास लागले. परिषदेने ठरवले की यापुढे शिक्षणाच्या दोनच पातळ्या राहतील. वरची जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी, म्हणजे जीएनएम. खालची ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, म्हणजे एएनएम. ‘नुसती मिडवाइफ’ हा तिसरा दरवाजा बंद. हेतू वाईट नव्हता. पैसा कमी, माणसे कमी, खेड्यात एकच बाई पाठवता येणार. मग तिला इंजेक्शनही यावे, ड्रेसिंगही यावे, बाळंतपणही यावे. पण नावाकडे नीट पाहा. मराठीत ‘सहायक परिचारिका प्रसाविका’. आधी सहायक, मग परिचारिका, आणि प्रसाविका शेवटी. पुढच्या तीस वर्षांत कामाचा क्रमही तसाच लागला.

सुरुवातीची एएनएम दोन वर्षे शिकायची आणि त्यातला मोठा भाग बाळंतपणाचा असायचा. १९७३मध्ये कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्याची कल्पना मांडली. एएनएम ‘आरोग्य सेविका’ झाली. १९७७मध्ये कोर्स दोन वर्षांवरून दीड वर्षावर आला आणि प्रसूतीच्या प्रत्यक्ष सरावालाच कात्री लागली. त्याच काळात कुटुंबनियोजनाच्या टार्गेट्सचा जोर होता. ज्या बाईला रात्री दोन वाजता कंदील घेऊन वाडीवर जायचे होते, ती दिवसभर नसबंदीच्या केसेस गोळा करत आणि लशींची रजिस्टरे भरत फिरू लागली. केसेस भरल्या नाहीत तर तालुक्याच्या बैठकीत उभे करून बोलणी. बाळंतपणे किती केली, हे तिला त्या बैठकीत कुणी विचारत नसे. हात वापरात राहिला नाही की कसब जाते. अनेक उपकेंद्रांत प्रसूतीचे टेबल होते, त्यावर औषधांची खोकी रचलेली असत.

गावच्या दाईलाही याच दशकांत सरकारने प्रशिक्षण दिले. पत्र्याच्या डब्यातले किट, त्यात साबण, ब्लेड, नाळ बांधायचा दोरा, प्लॅस्टिकचा कागद. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळ स्वच्छ हे पाच धडे. शेकडो जुन्या बायकांनी ते मनापासून पाळले. पण त्यांना पद कधीच दिले नाही. २००५मध्ये जननी सुरक्षा योजना आणि आशा कार्यकर्ती आल्या, भर सगळा दवाखान्यातल्या प्रसूतीवर गेला, आणि दाई योजनेतून बाहेर पडली. दवाखान्यातल्या प्रसूतींचे प्रमाण देशात २००५-०६मध्ये ३८.७ टक्के होते, ते २०१९-२१मध्ये ८८.६ टक्क्यांवर पोचले. हजारो बायका त्यामुळे वाचल्या, यात मला शंका नाही. पण बाळंतपणे वाढली ती डॉक्टर आणि स्टाफ नर्स यांच्या हाताखाली. प्रसूती हाच ज्यांचा पेशा, अशा बायकांची जागा तिथेही नव्हती.

डिसेंबर २०१८मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. सिझेरियन वाढताहेत, लेबर रूममध्ये बायकांना नीट वागवले जात नाही, हे अखेर मान्य झाले. ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हा दीड वर्षाचा अभ्यासक्रम आला. दाखला मात्र आधी नर्सिंगचाच हवा. हिशेब करा: जीएनएमची तीन वर्षे, अनुभवाची दोन, त्यावर दीड. बारावी झालेल्या मुलीला प्रसाविका व्हायला साडेसहा वर्षे.

शेजारच्या बांगलादेशाने दुसरा रस्ता धरला. तिथे बारावीनंतर थेट तीन वर्षांचा मिडवाइफरी डिप्लोमा आहे. आंतरराष्ट्रीय मिडवाइफ महासंघाचा निकषही हाच: थेट शिकणाऱ्यांना किमान तीन वर्षे, नर्सना दीड. महत्त्वाची गोष्ट अशी की त्यांनी कोर्सबरोबर सरकारी पदेही निर्माण केली, आणि २०१८पासून या मुली उपजिल्हा पातळीवरच्या दवाखान्यांत रुजू झाल्या. इंग्लंडमध्येही ऐंशीच्या दशकात थेट शिक्षणाचा मार्ग जवळपास संपला होता. आज तिथल्या बहुतेक नव्या मिडवाइफ नर्स न होता, थेट पदवी घेऊन येतात. म्हणजे बंद झालेले दार पुन्हा उघडता येते.

आपल्याकडे २०२३च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्याने १९४७चा कायदा मोडीत काढायचे ठरवले आणि नावात दोन्ही पेशे शेजारी शेजारी ठेवले. १९३५च्या कायद्यासारखे हे पुन्हा नावात दिसले, ते मला बरे वाटले. पण नाव वेगळे झाले म्हणून पद वेगळे होत नाही. स्वतंत्र प्रसाविकेची पदे मंजूर करायची तर ती राज्याच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, यावी लागतात, त्यांना वेतनश्रेणी लागते, आणि एएनएमचे काय करायचे हेही ठरवावे लागते. ते होईपर्यंत नर्सिंगविना शिकलेल्या मुलीला खासगी प्रसूतिगृहात ‘मावशी’ आणि ‘सिस्टर’ यांच्या मधल्या कुठल्यातरी पगारावर, सहीच्या अधिकाराविना राबावे लागते. केस बिघडली तर तिच्या पाठीशी कोणतीच परिषद नसते.

त्या मुलीने यंदा एएनएमला प्रवेश घेतला. तो कोर्स आता पुन्हा दोन वर्षांचा झाला आहे. आणखी दोन वर्षे, आणखी फी. पहिल्या कोर्सच्या वर्षभरातला एकही दिवस त्यात धरला गेला नाही.