ब्रीच की उडी? बसत्या हायड्रोफॉइलवरचा पहिला गैरसमज

बोटीमागे बसत्या हायड्रोफॉइलवर शिकणारा माणूस पहिल्या काही दिवसांत एकदा तरी आनंदाने ओरडतो, "उडी बसली!" बोटीत मागे तोंड करून बसलेला सोबती हसून मान हलवतो. त्याने पाहिलेला असतो तो ब्रीच, म्हणजे फॉइल नकळत पाण्याबाहेर निसटणं.

उडी काय, ब्रीच काय, दोन्हींत फॉइल, म्हणजे फळीखालचे पंख, पाण्याबाहेर येतं, म्हणून घोळ होतो. १९९० च्या सुमारास माइक मर्फी आणि बॉब वूली या अमेरिकनांनी 'एअर चेअर' नावाने बाजारात आणलेलं हे साधन दिसायला विचित्रच: फळीवर खुर्ची, फळीखाली साधारण मीटरभराचा स्ट्रट, म्हणजे उभा दांडा, आणि त्याच्या टोकाशी पुढे मोठा, मागे लहान असे दोन आडवे पंख. पाय पट्ट्यांत, कंबर सीट बेल्टमध्ये. बोट ताशी ३० किलोमीटरच्या आसपास धावू लागली की पंख तुम्हाला उचलतात आणि फळी हवेत तरंगते. खांदे मागे नेले की वर, पुढे आणले की खाली. सुकाणू म्हणाल तर एवढंच.

ब्रीच होतो तो नकळत. फळी हळूहळू वर सरकत राहते, बसणाऱ्याला मजा वाटत असते, आणि पुढचा पंख पृष्ठभागापाशी येऊन हवा ओढू लागतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन. त्यामुळे पंखाभोवती पाण्याऐवजी हवा आली की उचल जवळजवळ नाहीशीच होते. वर जाण्याचा वेगही फारसा नसतो, म्हणून फळी धप्पकन खाली आपटते.

खरी गंमत त्याच्या पुढे आहे. दचकलेला माणूस अंग मागे टाकतो. तेवढ्यात पंखाला पुन्हा पाणी सापडतं, तेही चढत्या कोनात, आणि फॉइल आधीपेक्षा जोरात वर सुटतं. दुसरा ब्रीच पहिल्याहून मोठा आणि तिसऱ्याला माणूस पाण्यात, असं बऱ्याचदा होतं. आपटल्यावर खांदे किंचित पुढे आणायचे, एवढाच उपाय; पण शरीर ते सहजी ऐकत नाही. त्यासाठीच सुरुवातीला खालूनच चालवावं, निम्मा स्ट्रट तरी पाण्यात ठेवून, आणि नजर पाण्यावर न ठेवता बोटीवर ठेवून.

उडीची सुरुवात उलट खाली जाण्यापासून होते. खांदे पुढे आणून फळी पाण्याजवळ न्यायची, मग एका दमात मागे रेलून अंग ताठ करायचं. खोलवरून निघालेलं फॉइल पृष्ठभागापर्यंत येतं तोवर त्याला वरच्या दिशेचा चांगला वेग आलेला असतो. उचल इथेही संपतेच, पण वर फेकलेला चेंडू हात सुटल्यावरही वर जातो, तसं तुम्ही जात राहता. बोटीच्या लाटेचीही गरज पडत नाही. सपाट पाण्यावरूनही उंच जाता येतं.

हवेत असताना बोटीच्या दोरीचं हँडल मांड्यांजवळ ठेवावं. ते छातीपाशी आलं की दोरीचा ओढा धड पुढे खेचतो, फळीचं नाक (पुढचं टोक) झुकतं आणि उतरताना फॉइल सरळ खाली घुसतं. नाक जरा वर ठेवून, फॉइल आधी पाण्यात जाईल असं उतरावं आणि लगेच खांदे पुढे घ्यावेत. नाहीतर उडी छान होऊनही तिच्या शेपटाला ब्रीच चिकटतो.

व्हिडिओ काढला असेल तर हवेतलं चित्र सोडा, त्याआधीचा सेकंदभर पाहा. फळी आधी खाली दबली असेल तर ती उडी, नुसती वर वर तरंगत गेली असेल तर ब्रीच. बॅकरोलची, म्हणजे हवेत मागे कोलांटी घेण्याची, घाई झालेल्यांनी तर हा सेकंद हाती येईपर्यंत थांबावंच, कारण ब्रीचमधून सुरू केलेला रोल अर्ध्यावर, डोकं खाली असताना संपतो.