शब्दशः विमानवाहू

नित्ता मारू, यावाता मारू, कासुगा मारू. निप्पॉन यूसेन काइशा या जपानी कंपनीच्या या तीन सख्ख्या बहिणी. रोमन लिपीतली आद्याक्षरं जोडली की एन, वाय, के, म्हणजे कंपनीचंच नाव! नागासाकीत मित्सुबिशीच्या गोदीत बांधलेली ही प्रवासी जहाजं युरोपच्या फेऱ्यांसाठी होती. सरकारने अनुदान दिलं ते मात्र युद्धावर डोळा ठेवून.

१९४० मध्ये नित्ता मारू तयार झाली तोवर युरोपात युद्ध पेटलं होतं, म्हणून ती सॅन फ्रान्सिस्कोला जाऊ लागली. १९४२ मध्ये जपानी नौदलाने तिची विमानवाहू नौका केली: वरचे मजले उतरवून सुमारे १७२ मीटरची सपाट धावपट्टी चढवली. धूर विमानांच्या वाटेत येऊ नये म्हणून धुराडं उजव्या बाजूला काढून खाली वळवलं. नवं नाव चूयो.

पण खरी अडचण वाऱ्याची होती. विमानाला उचलतो तो जमिनीवरचा वेग नव्हे, पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग. पतंग चढवताना मुलं वाऱ्याच्या तोंडाला धावतात, तसंच विमानवाहू नौकाही तोंड वाऱ्याकडे करून पळते. समजा, विमानाला उडायला ताशी १२० किलोमीटर वेग हवा. चूयोचा कमाल वेग जेमतेम २१ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३९ किलोमीटर. तेवढी हवा आयती मिळाली की विमानाने धावपट्टीवर ८१ गाठले तरी पुरे. धावेचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं, त्यामुळे ते निम्म्याहून कमी होतं. पण नौका जितकी हळू, तितकी ही मदत कमी.

मग अमेरिकेच्या त्याहून हळू छोट्या विमानवाहू कशा चालल्या? त्यांच्याकडे कॅटापल्ट होता, विमानाला गोफणीतल्या दगडासारखं पुढे फेकणारं यंत्र. चूयोवर तो नव्हताच. उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीचा हूक पकडून त्याला थांबवणाऱ्या तारादेखील नव्हत्या. साहजिकच तिला जपानहून ट्रुकला, म्हणजे प्रशांत महासागरातल्या जपानी नौदल तळावर, विमानं पोचवण्याची हमाली मिळाली. ‘विमानवाहू’ हा शब्द इतका शब्दशः क्वचितच खरा ठरला असेल.

डिसेंबर १९४३. ट्रुकहून जपानमधल्या योकोसुका बंदराला परतताना तिच्यावर अमेरिकी पाणबुडी स्कल्पिनचे २१ युद्धकैदी होते. ४ तारखेला, तुफानी समुद्रात, मध्यरात्रीनंतर पहिला टॉर्पेडो लागला. दुसरा हल्ला पहाटे, तिसरा सकाळी. तिसऱ्यानंतर ती झपाट्याने बुडाली. सुमारे १२५० माणसं गेली.

टॉर्पेडो सोडणारी पाणबुडी होती अमेरिकेचीच, सेलफिश. तिचं जुनं नाव स्क्वालस. १९३९ मध्ये चाचणीत ती समुद्रतळाशी बसली, तेव्हा तिचा ठावठिकाणा शोधून काढला होता स्कल्पिननेच. त्यामुळे आतल्या ३३ जणांना जिवंत वर काढता आलं, आणि पुढे पाणबुडीही वर काढून नव्या नावाने पुन्हा समुद्रात उतरवली गेली.

चूयोवरच्या स्कल्पिनच्या २१ जणांपैकी एकच वाचला.