कुलपातला नकाशा: कोकणातल्या शालेय ओरिएंटियरिंगची पार्श्वभूमी

नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात नेमून दिलेली ठिकाणं शोधत जायचं, इतकाच ओरिएंटियरिंगचा खेळ. कोकणातल्या एखाद्या शाळेने मुलांसाठी तो घ्यायचा म्हटला, तर होकायंत्रं दुकानात मिळतात, रान दाराशीच असतं. अडतं ते नकाशापाशी, आणि हे अडणं जुनं आहे.

खेळ मूळचा स्कँडिनेव्हियातल्या लष्करी सरावातला. नागरिकांसाठी पहिली जाहीर स्पर्धा १८९७ साली नॉर्वेत झाली. मुलांकडे तो वळवला स्वीडनच्या मेजर अर्न्स्ट किलांडर यांनी. ते स्काउट चळवळीतले. पहिलं महायुद्ध संपताना त्यांनी स्टॉकहोमजवळच्या जंगलात तरुणांसाठी मोठ्या शर्यती भरवल्या. १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघही स्थापन झाला. तिकडे क्लब आपापल्या रानाचे नकाशे स्वतः काढतात, १:१५,००० किंवा १:१०,००० प्रमाणाचे.

आपल्याकडे नकाशावाचन आलं ते स्काउट आणि एनसीसीबरोबर, म्हणजे कवायतीच्या हातात हात घालून. भूगोलाच्या तासाला समोच्च रेषा येतात, पण बहुतेक वेळा त्या वहीतच राहतात. दहावीच्या पुस्तकात तर पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा, आणि त्यातली मुलं नळदुर्गहून थेट अलिबागला येतात. अलिबागच्या मुलांनी मात्र आपल्याच गावाचा स्थलदर्शक नकाशा कुठून आणायचा?

कारण भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे १७६७ पासूनच्या परंपरेतले असले, तरी किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले तपशीलवार नकाशे संरक्षणाच्या कारणाने प्रतिबंधित होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पट्ट्यात पुरते बुडतात. देशावरच्या शिक्षकाला जी शीट विकत मिळे, ती कोकणातल्या शिक्षकाला मागावी लागे, आणि मागण्याच्या खटाटोपातच उत्साह संपे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी वेगळी आणि सर्वांसाठी खुली अशा दोन मालिका केल्या. पुढे १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे तयार करायची मोकळीक दिली. माझ्या मते शाळांच्या दृष्टीने खरी तारीख हीच.

कारण खुली शीट मिळूनही खेळ होत नाही. ती १:५०,००० ची, म्हणजे एका सेंटिमीटरात अर्धा किलोमीटर. अख्खी वाडी बोटाखाली झाकली जाते. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), गडगा (रचीव दगडांचा बांध), पऱ्या (ओढा), देवरहाटी (देवाचं राखीव रान) या मुलांना ओळखू येणाऱ्या खुणा तिच्यात जेमतेम दिसतात. त्यापेक्षा जुना गावनकाशा उपयोगी. महसुली मोजणीतला हा नकाशा सर्व्हे नंबरांच्या हद्दी दाखवतो आणि कोकणात जमिनीचे तुकडे इतके बारीक की गडग्यांचं जाळंच हाती येतं. चढउतार मात्र त्यात नसतात. ते मुलांबरोबर चालूनच भरावे लागतात, आणि निम्मं शिक्षण तिथेच होतं.

होकायंत्राची एक गंमत. कोकणात सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांत फरक फार थोडा, त्यामुळे मुलांना आकडेमोड शिकवावी लागत नाही. पण राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पापाशी सुई भरकटते, असं नोंदलेलं आहे. पहिल्या खेपेला मुलांना तिथे न नेलेलं बरं. दुसऱ्या खेपेला जरूर न्यावं.

जागेच्या निवडीमागेही एक दुःखद घटना आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शैक्षणिक सहलींवरची बंधनं कडक झाली आणि पाण्याजवळ मुलं न्यायला मुख्याध्यापक बिचकू लागले. सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, त्या मानाने सोयीचा: नजर लांबवर पोचते, शिक्षकाला मुलं दिसत राहतात, पावसाळ्यानंतर गवत कापलं की वाटा उघडतात. पण कातळ हे फुरशाचं, म्हणजे एका विषारी सापाचं, घर. म्हणून शोधायची खूण दगडाखाली किंवा गडग्याच्या फटीत कधीच ठेवत नाहीत; ती काठीला, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधतात.