म्युटेशन नाही म्हणजे कॅन्सर पसरणार नाही असं नसतं

प्रोस्टेट कॅन्सरच्या फाईलमध्ये "जेनेटिक टेस्ट" दिसली की घरचे पहिलं हेच विचारतात, जीनमध्ये बिघाड आहे का? पण या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात, आणि त्यांची गल्लत झाली की उगाच भीती तरी बसते नाहीतर खोटा दिलासा तरी मिळतो.

म्युटेशन म्हणजे डीएनएची अक्षरंच बदलणं. एक्स्प्रेशन बदलणं म्हणजे अक्षरं तीच, पण त्या जीनवरून आरएनए (म्हणजे जीनची कामापुरती नक्कल) आणि पुढे प्रोटीन किती बनतं ते कमी-जास्त होणं.

कॅन्सर पसरण्यात या दुसऱ्या प्रकाराचा हात मोठा आहे. मला सगळ्यात पटणारं उदाहरण केएआय-१ चं. १९९५ मध्ये सापडलेला हा जीन चालू असला की पेशींच्या पसरण्याला आळा बसतो, पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये मात्र तो बऱ्याचदा बंद पडलेला असतो, आणि जीन उघडून बघावा तर म्युटेशन क्वचितच सापडतं! ईझेडएच-२ चं उलटं, तो वाढतो. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये तो खूप जास्त असतो हे २००२ मध्ये दिसलं. तो डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रोटीन्सवर केमिकल खुणा करून दुसरे जीन बंद करतो, त्यात ई-कॅडहेरिनही येतं, म्हणजे पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं प्रोटीन, ते कमी झालं की पेशी सुटतात आणि लिम्फ नोड, हाडं अशा ठिकाणी जायला मोकळ्या होतात.

अर्थात दोन्ही गोष्टी एकत्रही येतात. टीएमपीआरएसएस-२ आणि ईआरजी हे जीन तुटून जोडले जातात, हा बदल डीएनएमधलाच, पण परिणाम काय तर पुरुष हार्मोनच्या इशाऱ्यावर ईआरजी भरमसाट बनायला लागतं.

आता टेस्टचं. बीआरसीए-२ हा जीन बिघडला की प्रोस्टेटचा, आणि बायकांमध्ये स्तनाचा व अंडाशयाचा कॅन्सर व्हायचा धोका वाढतो. त्याची रक्तावर किंवा लाळेवर केलेली टेस्ट जन्मतः आलेलं म्युटेशन शोधते, ते असेल तर प्रत्येक मुला-मुलीकडे जायची शक्यता ५० टक्के, म्हणून मुलींनीही तपासून घ्यावं. डिसायफर टेस्ट बायोप्सीच्या किंवा ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यातल्या २२ जीन्सचं एक्स्प्रेशन मोजून पसरण्याचा धोका सांगते, तिचा स्कोअर मुलांना वारशाने जात नाही. बीआरसीए निगेटिव्ह आणि डिसायफर हाय, असं एकाच माणसाचं येऊ शकतं. म्हणून रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना सरळ विचारा, टेस्ट रक्तावर केली की गाठीवर, आणि डीएनए बघितला की आरएनए.