थंडीतील ड्रोन उड्डाण

शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखालच्या तापमानात छोटा कॅमेरा-ड्रोन सुरक्षितपणे उडवण्याची पद्धत. बाजारातले बरेचसे ड्रोन ० ते ४० अंशांसाठी बनवलेले असतात. काही उणे १० अंशांपर्यंत चालतात.

सातारा जिल्ह्यात हा प्रश्न महाबळेश्वरला येतो. सुमारे १,३७२ मी. उंचीवरच्या या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात दव गोठते. गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो आणि ‘हिमकण’ टिपायला छायाचित्रकार पोहोचतात. हवेचा पारा तेव्हाही शून्याच्या वर असू शकतो. निरभ्र रात्री जमीन व पाने उष्णता आकाशात सोडून हवेपेक्षा थंड होतात, आणि जड गार हवा तलावाकाठच्या सखल भागात साचते. त्यामुळे मोबाइलवरचे तापमान पाहून निर्धास्त होऊ नये.

खरा घात बॅटरी करते. गारठ्यात ड्रोनच्या बॅटरीतील लिथियम-पॉलिमर सेलमधील आयनांची (विद्युतभारित कणांची) हालचाल मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. पूर्ण भरलेल्या सेलचा व्होल्टेज ४.२ व्होल्ट असतो, पण मोटारींनी एकदम जोर मागितला की थंड सेलचा व्होल्टेज झपाट्याने घसरतो. पडद्यावर बरेच टक्के शिल्लक दिसत असतानाही ड्रोन आपोआप उतरू लागतो, मग खाली तलाव असो की दरी. म्हणून टक्क्यांपेक्षा व्होल्टेजवर नजर हवी. बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवून साधारण २० अंशांपर्यंत ऊबदार करावी, उड्डाणानंतर मिनिटभर ड्रोन डोक्याच्या उंचीवर तरंगत ठेवावा आणि नेहमीपेक्षा बराच लवकर परत बोलवावा. गोठलेली बॅटरी कधीही चार्जिंगला लावू नये: शून्याखाली चार्ज केल्यास ऋणाग्रावर (सेलच्या ऋण बाजूच्या पट्टीवर) लिथियम धातूचा थर बसतो, तो पुन्हा निघत नाही आणि पुढे शॉर्टसर्किटचा धोका राहतो.

धुके हे कोरड्या थंडीपेक्षा वाईट. शून्याखाली धुक्यातले थेंब पंख्याच्या पात्यांवर बर्फ होऊन बसतात; पात्याचा आकार बिघडतो, उचल घटते, थरथर वाढते. महाबळेश्वरच्या धुक्यात ड्रोन नजरेआडही होतो. धुके विरेपर्यंत थांबणेच योग्य.

लडाख-स्पितीला ड्रोन नेणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. थंड हवा दाट असते, पण लेहच्या सुमारे ३,५०० मी. उंचीवर ती विरळच असते. पाती अधिक वेगाने फिरवावी लागतात, बॅटरी आणखी लवकर संपते. एकसारख्या पांढऱ्या बर्फावर ड्रोनच्या खालच्या बाजूचे, जमीन ओळखणारे सेन्सरही चकतात. उतरवण्यासाठी गडद रंगाची चटई उपयोगी पडते.

गारठ्यातून उबदार खोलीत येताना ड्रोन बंद पिशवीतच ठेवावा, नाहीतर भिंगावर आणि आतल्या सर्किटवर पाणी सुटते.

ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात मोडतो. हिरव्या (पूर्वपरवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रातील उंचीची मर्यादा साधारणपणे १२० मी. आहे, लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी लागते.