कोपॉलिमर तापवला की कडक का होतो, आणि कधी कधी का होत नाही

प्लॅस्टिक तापवलं की मऊ पडतं हे आपल्या डोक्यात इतकं बसलंय की ओव्हनमधून काढून सावकाश थंड केलेला तुकडा आधीपेक्षा कडक लागला की माणूस चक्रावतोच. कोपॉलिमरमध्ये, म्हणजे दोन किंवा जास्त प्रकारचे छोटे रेणू (मोनोमर) जोडून केलेल्या प्लॅस्टिकमध्ये, हे कधी होतं, कधी नाही. कोडं बरंच जुनं आहे. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ केलं, पण तिथे रेणूंच्या साखळ्यांमध्ये, म्हणजे चेनमध्ये, कायमचे रासायनिक सांधे बसतात, त्यामुळे कडकपणाचं श्रेय त्या सांध्यांनाच जायचं. मुळात रबर-प्लॅस्टिकमध्ये अशा लांबच लांब चेन असतात हेच रसायनशास्त्रज्ञ हर्मन स्टॉडिंगरने १९२० मध्ये मांडलं, आणि तेही लोकांनी लगेच मानलं नाही!

कडकपणा मोजायची सोय मात्र त्याच दशकात झाली, अल्बर्ट शोरचा ड्युरोमीटर. स्प्रिंगवरची सुई तुकड्यात दाबायची आणि ० ते १०० मधला आकडा वाचायचा. सुई दाबून धरली की आकडा हळूहळू खाली सरकतो, म्हणून लगेचचं रीडिंग आणि १५ सेकंदांनंतरचं रीडिंग यांची तुलना करूच नये.

खरा उलगडा १९५७ चा, असं मला वाटतं. ब्रिस्टलमध्ये अँड्र्यू केलरने दाखवलं की पॉलिथिलीनच्या चेन घड्या घालून पातळ स्फटिक बनवतात. मग अ‍ॅनिलिंगचा अर्थ लागला, वितळायच्या थोडं खाली तापवलं की चेनना हलायला वाव मिळतो, स्फटिक जाड होतात, कडकपणा वाढतो. पण कोपॉलिमरमध्ये दुसरा मोनोमर मध्येमध्ये घुसलेला असतो, तो स्फटिकात नीट बसत नाही आणि घडी तिथेच अडते. अ‍ॅसिटल नावाच्या प्लॅस्टिकमध्ये हे स्वच्छ दिसतं: १९६० चं होमोपॉलिमर (एकाच मोनोमरचं) डेलरिन साधारण १७५ अंशांना वितळतं, १९६२ चं कोपॉलिमर सेल्कॉन १६५ च्या आसपास, आणि कडकपणातही ते थोडं मागेच. त्या बदल्यात ते उष्णतेत लवकर विघटत नाही, आणि माझ्या मते हा सौदा फायद्याचाच.

ब्लॉक कोपॉलिमरची, म्हणजे ज्यात एकेका मोनोमरचे लांब सलग तुकडे (ब्लॉक) जोडलेले असतात त्यांची, तर तऱ्हाच वेगळी. १९६० च्या दशकात आलेल्या स्टायरीन-ब्युटाडाइन-स्टायरीनमध्ये स्फटिक नसतातच, स्टायरीनचे टोकाचे ब्लॉक एकत्र येऊन कडक गाठी होतात आणि बाकीचं रबर त्या धरून ठेवतात. स्टायरीन जास्त असलं तर गाठी एकमेकींना जोडल्या जातात आणि पट्टी प्लॅस्टिकसारखी ताठ लागते, ती एकदा जोरात ताणली की जोड तुटून रबरासारखी लिबलिबीत होते, आणि मग तापवून काही वेळ तशीच ठेवली की स्टायरीन पुन्हा जुळतं आणि ताठपणा परत येतो.